पिठाचा कोंबडा आणि टॅबवरचं सैन्य

गेल्या भाद्रपदातली, दशलक्षण पर्वातली गोष्ट. दुपारी आमच्या बस्तीत बायकांचं शास्त्रवाचन असतं. त्या दिवशी उत्तम आर्जव होता. वाचन संपलं, शास्त्र कापडात बांधून ठेवलं आणि बायका उठायच्या बेतात असताना मागच्या ओळीतली एक तरुण सून हळूच म्हणाली, "काकू, एक विचारू काय? मोबाईलमधल्या खेळात माणूस मारला तर पाप लागतं काय?"

दोघी-तिघी हसल्या. ती काही हसली नाही. म्हणाली, "माझं पोरगं नऊ वर्षांचं. दिवसभर किल्ले बांधालंय, सैन्य उभं करालंय, दुसऱ्याच्या गावावर धाड घालालंय. पायाखाली मुंगी आली तर रडणारं पोर हे. आणि तिथं 'मेला, मेला' म्हणून उड्या मारतंय. मला रात्री झोप लागंना झालीय. त्याचे बाबा म्हणतात, डोकं चालतं त्यानं, खेळू दे. आता मी काय करायचं सांगा."

मग कोणी उठलंच नाही. आमच्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना सगळी आळी अक्का म्हणते, त्या म्हणाल्या, "यशोधर राजाची कथा विसरलात काय गं सगळ्या? पिठाचाच कोंबडा होता तो. किती जन्म भोगावे लागले?" त्यावर शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "मग अक्का, बुद्धिबळात प्यादं मारलं तर? आमचे आजोबा चातुर्मासात सुद्धा ओट्यावर पट मांडून बसायचे. रात्रीचं पाणीही न पिणारा माणूस तो."

वाद रंगला. मी मात्र गप्प बसले. आर्जव म्हणजे मनात एक आणि तोंडात एक असं न ठेवणं. नेमक्या त्याच दिवशी मी गप्प बसले, कारण हाच प्रश्न माझ्या घरात येऊन गेला होता आणि त्या वेळी मी चुकले होते. म्हणून आता सविस्तर लिहिते.

माझा नातू अकरा वर्षांचा. त्याच्या टॅबवर एक खेळ होता. आपलं एक गाव वसवायचं, सोन्याच्या खाणी, भिंती, तोफा उभ्या करायच्या, सैनिक तयार करायचे आणि जगात कुठंतरी बसून तोच खेळ खेळणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या गावावर हल्ला करून त्याचं सोनं आणायचं. एका संध्याकाळी, दिवस मावळायला आला, ताट वाढलेलं, आणि हा उठेना. तीन हाका मारल्या. "आज्जी, पाच मिनिटं थांब की." पाचाची पंधरा झाली. सूर्य बुडाला. आमच्याकडे मुलंसुद्धा रात्री जेवत नाहीत. पोर उपाशी राहणार म्हणून मला राग आला, मी टॅब हिसकावून घेतला आणि सुनेला सांगून तो खेळच काढून टाकायला लावला.

तो रडला. तास-दीड तास रडला. मला वाटलं, खेळासाठी रडतोय. नंतर त्याच्या आईनं सांगितलं ते वेगळंच होतं. त्यांची वीस-पंचवीस मुलांची एक टोळी होती. त्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून लढायचं ठरलं होतं आणि यानं 'मी येतो' म्हणून शब्द दिला होता. तो म्हणत होता, "माझ्यामुळं सगळे हरले. ते म्हणणार, हा खोटारडा आहे."

पुढं दोन महिन्यांनी कळलं, तो शेजारच्या मुलाच्या फोनवर तोच खेळ खेळत होता. मला विचारल्यावर "नाही" म्हणाला. हिंसा नको म्हणून मी खेळ काढला आणि घरात असत्य आलं. पोरानं शब्द दिला होता तो मी मोडायला लावला, आणि नंतर खोटं बोलायलाही मीच शिकवलं. ही माझी चूक. पण यावरून खेळ चांगला होता असंही ठरत नाही. न बघता, न समजता निकाल दिला, एवढंच माझ्याकडून चुकलं.

मग मी त्याला म्हटलं, "बाळा, मला शिकव." त्याचा विश्वास बसला नाही. पण शिकवलं. आठवडाभर मी त्याच्या शेजारी बसून बघितलं आणि त्यानंतर तीन आठवडे स्वतः खेळले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. घरात हसले सगळे.

आधी चांगलं सांगते, कारण त्याच्या बाबतीत आपण बायका कधीकधी अन्याय करतो. व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं नुसती धाडधाड बंदूक येते. डावपेचांचे खेळ तसे नसतात. १९९१ साली आलेला सिव्हिलायझेशन नावाचा खेळ घ्या. त्यात एका वस्तीपासून सुरुवात करून शेती, लिपी, रस्ते, व्यापार असं करत हजारो वर्षांचा समाज उभा करायचा असतो. एकानं चाल करायची, मग दुसऱ्यानं. विचार करायला हवा तेवढा वेळ. त्यात युद्ध न करता, विज्ञानात पुढं जाऊनही जिंकता येतं. १९९७ चा एज ऑफ एम्पायर्स मात्र घड्याळाबरोबर पळतो. तुम्ही लाकूड तोडत असताना तिकडं शत्रूही काहीतरी करतच असतो. माझा नातू खेळत होता तो तिसरा प्रकार, मोबाईलवरचा, कधीच न संपणारा.

या सगळ्यांत मुलाला काय करावं लागतं? आहे ते धान्य आज खायचं की पेरायचं, हे ठरवावं लागतं. भिंत आधी की खाण आधी, एका बाजूला लक्ष देताना दुसरी उघडी तर पडत नाही ना, चुकलं तर कुठं चुकलं, हे बघावं लागतं. माझा नातू शाळेच्या वहीत नीट बेरीज करत नाही, पण तीन दिवसांनी किती सोनं जमेल हे तोंडी सांगायचा. आपण घर चालवताना महिन्याचा हिशोब घालतो ना, तसलंच हे.

अभ्यासकांनीही हे तपासलंय. २०१३ साली लंडनच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भाग घेणाऱ्या ७२ जणी सगळ्या बायकाच होत्या, कारण असले खेळ फारसे न खेळणारे पुरुष पुरेसे मिळालेच नाहीत! काहींना स्टारक्राफ्ट हा डावपेचांचा खेळ ४० तास खेळायला दिला, काहींना घर-संसार मांडायचा दुसरा एक खेळ. डावपेचांचा खेळ खेळलेल्यांचं मन एका कामावरून दुसऱ्या कामावर अधिक चपळाईनं वळायला लागलं असं आढळलं. त्याआधी २००८ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी वयस्कर माणसांना असाच एक खेळ शिकवला, त्यांनाही काही बाबतींत फायदा दिसला. कॅनडात हायस्कूलच्या मुलांचा काही वर्षं माग ठेवला, तेव्हा डावपेचांचे खेळ जास्त खेळणारी मुलं 'आम्हाला अडचणी सोडवता येतात' असं पुढं जास्त सांगू लागली. पण हे मुलांनी स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, हे लक्षात ठेवा. आपलं पोरही स्वतःबद्दल चांगलंच सांगतं. आणि चपळ मन म्हणजे चांगलं मन नव्हे. चोराचंही मन चपळ असतं.

म्हणून मूळ प्रश्नाकडं येते. पाप लागतं काय?

यशोधराची कथा आपल्या भागाला नवी नाही. सोमदेवसूरींनी ९५९ साली यशस्तिलकात ती संस्कृतात सांगितली. १२०९ मध्ये जन्न कवीनं यशोधरचरिते या नावानं ती कन्नडात आणली आणि कानडी मुलखात ती घराघरात गेली. उज्जयिनीचा राजा यशोधर. राणीची वागणूक बघून तो हादरला, पण आईला खरं न सांगता वाईट स्वप्न पडलं म्हणाला. आई म्हणाली, देवीला बळी दे. तो म्हणाला, जीव मारणार नाही. तेव्हा आईनं मधली वाट काढली, पिठाचा कोंबडा कर आणि तो काप. राजानं कापला. जन्नाच्या कथेत त्या कोंबड्यात एक पिशाच्च शिरलेलं असतं, आणि तलवार पडताच तो कोंबडा आरवतो. पुढं मायलेकरांना मोर, कुत्रा असे जन्मामागून जन्म भोगावे लागतात.

मी टॅबवर पहिला हल्ला केला तेव्हा मला हाच कोंबडा आठवला. कारण तिथंही पीठ आरवतं. सैनिक पडला की कण्हतो, घर पडलं की कोसळल्याचा आवाज येतो. खेळ बनवणाऱ्यांनी तो आवाज मुद्दाम घातलेला असतो, मारल्यासारखं वाटावं म्हणून.

अक्कांचं म्हणणं म्हणून हलकं नाही. त्या त्या दिवशी म्हणाल्या, "आरंभी, उद्योगी, विरोधी हिंसा गृहस्थाला सुटत नाही. चूल पेटवायची, शेत करायचं, कोणी अंगावर आला तर वाचवायचं. संकल्पी तेवढी सोडायची एवढंच तर आपल्याला सांगितलंय. आणि या खेळात संकल्पाशिवाय दुसरं आहेच काय गं? जीव नाही, रक्त नाही, उरला तो नुसता संकल्प." मला आजही याचं पुरतं उत्तर देता आलेलं नाही. त्यातून अनर्थदंड आहेच. पोटासाठी नाही, संरक्षणासाठी नाही, निष्कारण ओढवून घेतलेलं पाप. त्यात अपध्यान येतं, म्हणजे दुसऱ्याचं वाईट मनात घोळवत बसणं.

तरीपण मला एक फरक दिसतो. यशोधरानं पीठ कापलं ते बळी म्हणूनच. देवीनं तो खरा जीव धरावा आणि आपलं संकट टळावं, अशी त्यामागं इच्छा होती. खेळ नव्हता तो. तिथं कोंबडा खोटा होता, पण मारणं खरं होतं. बुद्धिबळात आजोबा घोडा मारायचे तेव्हा त्यांच्या मनात घोडा नसायचा, पुढची चाल असायची. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ, अख्खं सैन्यच ते. तरी पटावर बसलेल्या माणसाला कोणी हिंसक म्हटलं नाही.

आपल्याकडं शेतकरी आणि कोळ्याचा जुना दाखला देतात. शेतकऱ्याच्या नांगराखाली असंख्य जीव जातात. जाळं टाकून बसलेल्या कोळ्याला दिवसभरात एकही मासा मिळत नाही. तरी हिंसेचा भाव कोळ्याकडं जास्त. आपण बहुतेक शेतकरी घरातल्या, हा दाखला आपल्याला चटकन पटतो, कारण तो आपल्या सोयीचा आहे. पण मग तोच नियम टॅबलाही लावायला हवा. पडद्यावर किती मेले हे मोजून उपयोग नाही. खेळताना मुलाचं मन कशाची चव घेतंय, ते बघायला हवं.

आता माझ्या मनाचं काय झालं ते सांगते, लाज वाटते तरी.

खेळायला लागून दोन आठवडे झाले होते. रात्री मी झोपलेली असताना कोणीतरी माझ्या गावावर हल्ला केला आणि चार दिवस जमवलेलं सोनं नेलं. सकाळी उघडून बघते तर भिंती पडलेल्या. खाली त्याचं नाव आणि शेजारी एक बटण, सूड घ्या. मी ते दाबलं नाही. देवपूजेची वेळ झाली होती. सामायिकाला बसले, माळ हातात घेतली आणि णमोकार म्हणता म्हणता माझ्या मनात काय चाललं होतं? त्याच्या गावाची उत्तरेकडची भिंत कच्ची आहे, तिथून शिरायचं. अठ्ठेचाळीस मिनिटं शांत बसायचा नियम माझा, तीस वर्षांचा. त्यातली निम्मी त्या भिंतीत गेली. ज्याला मी कधी बघितलं नाही, जो कदाचित माझ्या नातवाएवढाच असेल, त्याचं सगळं लुटून त्याला रडवायचा बेत मी माळेच्या मण्यांवर करत होते. आणि त्यात मला गोडी वाटत होती, ते जास्त वाईट.

शास्त्रात याला रौद्रध्यान म्हणतात. हिंसेत आनंद, खोट्यात आनंद, चोरीत आनंद, परिग्रह राखण्यात आनंद, असे त्याचे चार प्रकार आपण पाठ म्हणतो. मी त्या सकाळी चारीतले तीन तरी एका बैठकीत केले. तंदुल मत्स्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. महामत्स्याच्या कानात राहणारा तांदळाएवढा मासा. मोठ्याच्या उघड्या तोंडातून मासे आत-बाहेर करतात, ते बघून तो म्हणतो, मी असतो तर एकालाही सोडलं नसतं. खात काहीच नाही, नुसतं मनात म्हणतो. आणि सातव्या नरकात जातो. मला ही गोष्ट मुलांना घाबरवण्यासाठी फार जास्त केलेली वाटायची. त्या सकाळी वाटलं नाही.

पण याच्या पुढचं मला नातवानं शिकवलं. मी त्याला ते सांगितलं, सगळं, सामायिकासकट. तो म्हणाला, "आज्जी, मला पहिल्यांदा तसंच झालेलं. आता मी बघतो त्यानं कसं फोडलं ते. मग आपली भिंत बदलायची. तो वाईट नाही आज्जी, तो पण खेळालाय." अकरा वर्षांच्या मुलानं समभाव सांगितला आणि त्रेसष्ट वर्षांच्या बाईनं ऐकला. खेळ तोच, बटण तेच. त्याचं मन युक्तीकडं गेलं आणि माझं वैराकडं. म्हणून हा खेळ वाईट किंवा चांगला असा सरसकट शिक्का मला मारता येईना. दुसऱ्या एखाद्या घरात नेमकं उलट असेल. आज्जी शांत असेल आणि मुलगा जळत असेल.

आपल्या पुराणात भरत-बाहुबलीचं युद्ध कसं झालं आठवा. दोन्हीकडं सैन्य उभं होतं. मंत्र्यांनी विचार केला, भावाभावांच्या भांडणात हजारो का मरावेत? म्हणून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध, अशा तीन झुंजी ठरल्या. एका अर्थी लढाई टाळण्यासाठी खेळ घातला. तिन्हींत बाहुबली जिंकला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण हरल्यावर भरतानं रागानं चक्र सोडलं. अडचण तिथं आली, हार सोसली नाही तिथं. बाहुबलीनं काय केलं ते श्रवणबेळगोळला उभं आहे.

यातून मला सापडलेली पहिली परीक्षा सांगते. आपलं मूल जिंकल्यावर काय करतं ते बघू नका, हरल्यावर काय करतं ते बघा. पुन्हा डाव मांडतं, चूक हुडकतं, की टॅब आपटतं, शिव्या घालतं, धाकट्या बहिणीवर राग काढतं? पहिलं असेल तर खेळ त्याला काहीतरी देतोय. दुसरं असेल तर खेळ त्याच्याकडून काहीतरी घेतोय.

दुसरी परीक्षा, खेळ संपतो का? बुद्धिबळाचा डाव संपतो, पट गुंडाळून कोनाड्यात जातो. सिव्हिलायझेशन लांबलचक आहे, तरी त्यालाही शेवट आहे. पण मोबाईलवरचे कित्येक खेळ मुद्दाम न संपणारे असतात. तुम्ही झोपलात तरी गाव चालू असतं. सकाळी आला नाहीत तर नुकसान, दुपारी आलात तर बक्षीस. अशा खेळात मुलगा खेळायचं ठरवत नाही, खेळ त्याला बोलावून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, खेळाचं व्यसन हा विकार म्हणून घेतलाय. पण त्याची खूण तासांवर ठेवलेली नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ पुढं येतो, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, अशा त्या खुणा आहेत. म्हणजे सुट्टीत चार दिवस जास्त खेळलं म्हणून मूल आजारी ठरत नाही. उगीच घाबरू नये. पण आवडतं जेवण, आवडता मित्र, आवडतं अंगण सुटायला लागलं तर थांबून बघावं.

तिसरी परीक्षा पैशाची. तीन दिवस थांबायचं नसेल तर रत्नं विकत घ्या, असं खेळ सांगतो. काहींत तर बंद पेटी विकत घ्यायची, आत काय निघेल ते नशीब. हे डावपेच नव्हेत, हा जुगार आहे, आणि सप्तव्यसनांत जुगार पहिला आहे हे आपल्याला पाठ आहे. बेल्जियमनं २०१८ सालीच पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडं २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण रत्नं आणि पेट्या विकणारे खेळ अजून मुलांच्या हातात आहेत, तिथं कायद्याच्या आधी आईनं उभं राहायचं. ओळखीच्या एका घरात आईच्या फोनवरून थोडे थोडे करत बरेच पैसे गेले. पोराला कळतही नव्हतं की ती रत्नं खऱ्या पैशाची आहेत. घरातला फोन देताना पैशाचा रस्ता बंद करूनच द्यावा.

चौथी परीक्षा, पलीकडं कोण आहे? मशीन आहे, वर्गमित्र आहे, की नाव-गाव माहीत नसलेली मोठी माणसं? टोळीत कोण काय बोलतं ते महिन्यातून एकदा तरी मुलाशेजारी बसून वाचावं. चोरून वाचू नये.

आणि पाचवी परीक्षा मुलाची नव्हे, आपली. पाप कृत, कारित आणि अनुमोदित अशा तीन तऱ्हांनी लागतं. पोरानं खेळलं ते कृत. पण त्याच्या हातात फोन कोणी दिला? पाहुणे आले, गप्प बसावं म्हणून आपण दिला. जेवत नाही म्हणून आपण दिला. आपल्याला मालिका बघायची होती म्हणून दिला. ते कारित. आणि "बघा की, आमचा किती हुशार" म्हणून चारचौघांत सांगितलं ते अनुमोदन. मग एके दिवशी राग आला की हिसकावून घेतो, मी घेतला तसा. मुलाला यातून एकच कळतं, नियम म्हणजे मोठ्यांचा मूड.

चीननं २०२१ साली अठरा वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन खेळ फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणाच्या दिवशी, तेही रात्री आठ ते नऊ, असा सरकारी नियम केला. आपल्याला सरकार कशाला हवं? आपल्या धर्मात नियम घ्यायची पद्धत आहेच, ठरावीक काळापुरता, ठरावीक गोष्टीचा, स्वतःच्या तोंडानं घेतलेला. आमच्याकडं नातवानं स्वतः नियम घेतला. दिवस मावळायच्या आधी अर्धा तास खेळ बंद. टोळीला शब्द द्यायचा तो दुपारच्या वेळेचाच. अष्टमी-चतुर्दशीला आणि पर्वात खेळ नाही. त्याच दिवशी मीही नियम घेतला, जेवताना फोन हातात नाही. माझा पहिल्या आठवड्यात तीनदा मोडला, त्याचा एकदा.

आपल्या आधीच्या लोकांनी खेळ टाकून दिले नव्हते. गुजरात-राजस्थानातल्या जैनांकडे सापशिडीचा पट ज्ञानबाजी म्हणून रंगवलेला असे. खाली नरक, वर सिद्धशिला, मध्ये पुण्याच्या शिड्या आणि पापाचे साप. फासा तोच, पण मनाला दुसरं खाद्य दिलं. आपल्याकडंही मुलांनी असा एखादा खेळ करावा असं मला वाटतं. तोपर्यंत जे आहे त्यातून निवडायचं. लढाई न करता जिंकता येतं असे डावपेचांचे खेळ आहेत, शहर वसवायचे आहेत, शेतीचे आहेत, आणि जुनं बुद्धिबळ कुठं गेलेलं नाही.

अक्का अजून मला म्हणतात, "तू पळवाट काढलीस. विषाचं प्रमाण ठरवत बसलीस." असेलही. मुनिमहाराजांसमोर हा प्रश्न ठेवला तर ते कदाचित अक्कांच्या बाजूनंच बोलतील, आणि त्यांचं बोलणं मी मान खाली घालून ऐकेन. ज्या घरात सुरुवातच झाली नाही तिथं ती करू नये, हे मलाही मान्य आहे. पण बहुतेक घरांत सुरुवात होऊन गेली आहे. तिथं हिसकावून घेतलेला त्याग पोराच्या मनात त्याग होत नाही, नुसता राग होतो. तो राग पडद्यावरच्या सैन्यापेक्षा जास्त खरा असतो, हे मी बघितलं आहे.

त्या दिवशी बस्तीत मागच्या ओळीत बसून विचारणाऱ्या सुनेला मी उत्तर दिलं नाही. आता देते. बाई गं, पाप लागतं की नाही हे पडद्यावर बघून कळणार नाही. पोराच्या तोंडाकडं बघ. आज संध्याकाळी टॅब हिसकावू नकोस, त्याच्या शेजारी बस आणि म्हण, मला शिकव. दोन-चार दिवसांत तुला कळेल, तो भिंतीचा विचार करतोय की माणसाच्या रडण्याचा. भिंतीचा करत असेल तर वेळ बांधून दे आणि निवांत झोप. रडण्याचा करत असेल तर खेळ थांबव, पण त्याला सांगून, त्याच्याबरोबर बसून, आणि त्याच्या मनात ती गोडी कुठून आली ते आपल्या घरातही हुडक.

आणि स्वतः खेळून बघायला जाशील तर सामायिकाच्या आधी खेळू नकोस, एवढं मात्र माझं ऐक.